यादीत अकराच निघाली

(पत्रलेखिकेची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र थोडक्यात असं. डोंबिवलीत राहणाऱ्या ५३ वर्षांच्या एका ताईंचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. पगार बेताचा, पण घरात दोन लोखंडी कपाटं भरून पुस्तकं. मोजली तर ६४० निघाली. आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि पुढची तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची आहेत. घर रिकामं करायला हाती दोन महिने. अमेरिकेतल्या भावाने इंटरनेटवरून मराठीतल्या ५० अभिजात पुस्तकांची यादी पाठवली आणि सांगितलं, यातली ठेव, बाकी रद्दीत घाल. ताईंनी यादी लावून पाहिली, तर बाबांच्या कपाटात त्यातली अकराच निघाली. बाकी रहस्यकथा, बांधून घेतलेले दिवाळी अंक, प्रवासवर्णनं, शिकारकथा, होमिओपॅथी, फाटकी स्तोत्रांची पुस्तकं आणि बाबांच्या हस्ताक्षरातल्या तीन वह्या. "बाबांना आमची अख्खी चाळ मोठा वाचक म्हणायची," त्या लिहितात. "यादी पाहिल्यापासून मनात नको ते येतं. त्यांची आवड सामान्यच होती का? पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकायची त्यांना सवय होती. ज्ञानेश्वरीवर तारीखच नाही, म्हणजे ती त्यांनी वाचलीच नसणार, असं भाऊ म्हणतो. अभिजात म्हणजे नेमकं काय, आणि मी ठेवू काय?"

प्रिय ताई,

अकरा हा आकडा तुमच्या मनाला लागला आहे. पत्रात तो तीन ठिकाणी आला आहे, आणि दर वेळी असा की जणू बाबांचा परीक्षेचा निकाल तुमच्या हाती पडला. म्हणून कपाटाचं नंतर पाहू. आधी त्या यादीचं बोलू.

भावाने पाठवलेली यादी खोटी असेल असं मी म्हणणार नाही. अशा याद्यांतली बहुतेक पुस्तकं खरंच मोठी असतात. पण यादी फक्त निकाल सांगते, तो लागला कसा ते सांगत नाही. एखादं पुस्तक तिथवर पोचलं कसं, वाटेत ते कुणाकुणाच्या हातांतून गेलं, हे कळल्यावर तुमच्या बाबांची जागा तुम्हाला दिसेल, असं मला मनापासून वाटतं.

शब्दाचंच बघा. अभिजात हा संस्कृत शब्द, त्याचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. इंग्रजांचा क्लासिक हा शब्दही तसाच. प्राचीन रोममध्ये मालमत्तेप्रमाणे नागरिकांचे वर्ग पाडलेले असत आणि सगळ्यांत वरच्या वर्गातल्या माणसाला क्लासिकस म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसच्या लिखाणात हा शब्द लेखकांना लावलेला सापडतो. एक लेखक वरच्या वर्गातला, दुसरा 'प्रोलेटेरियस', म्हणजे ज्याच्यापाशी पोराबाळांखेरीज काही नाही अशा वर्गातला. म्हणजे दोन्हीकडे शब्द आला तो कुळातून आणि पैशातून. 'बाबांची आवड सामान्य होती का' ही जी बोच तुम्हाला लागली आहे, ती त्या शब्दाच्या पोटातच होती.

पण मराठीत घडलं काय ते आठवा. ज्ञानेश्वरीचा कर्ता संन्याशाचा पोर म्हणून वाळीत टाकलेला. तुकोबा स्वतःच सांगतात, "बरें देवा कुणबी केलों । नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों ॥" आणि बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. आईची गाणी वहीत उतरवलेली होती, पण लोकांसमोर ठेवायची तर त्यांनाही संकोच वाटत होता. आचार्य अत्र्यांनी ती ऐकली, छापायचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' बाहेर आली. आज कोणतीही यादी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. त्या वेळी वही पेटीत राहिली असती, तर घर बदलताना तिचं काय झालं असतं, हे मला तुम्हाला सांगायला नको.

भावाने लिहिलं आहे ना, की आता मराठी अभिजात झाली, तेव्हा घरातही अभिजातच असावं? त्यात जरा गल्लत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने दर्जा दिला तो भाषेला, कुठल्या पुस्तकांच्या संचाला नव्हे. त्याचे निकष वेगळे. भाषेला दीड-दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास हवा, हा त्यातला मुख्य. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मराठीची बाजू मांडताना जे पुरावे दिले त्यांत गाथासप्तशती होती. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीची पूर्वज मानतात त्या भाषेतला, कवितांचा संग्रह. तो तुम्ही वाचावा असं मला फार वाटतं, कारण त्यात राजदरबार जवळपास नाहीच. शेतं आहेत, पाणवठे आहेत, परगावी गेलेला नवरा आणि त्याची वाट पाहणारी बायको आहे, सासू आहे, खवचट शेजारीण आहे. ज्या दोन-दोन ओळींवर आज भाषेचं वय सिद्ध होतं, त्या गावातल्या साध्या बायाबापड्यांच्या तोंडच्या म्हणून लिहिलेल्या आहेत.

आणि त्या संग्रहाच्या अगदी सुरुवातीला एक गाथा आहे. ती म्हणते, कोटी गाथांतून हालाने सातशे निवडल्या. कोटी हा आकडा कवीच्या तोंडचा, तो धरून बसायला नको. पण दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी भरलेलं कपाट समोर घेऊन बसलं होतं, काय ठेवू आणि काय सोडू हा प्रश्न त्यालाही पडला होता, ही गोष्ट मला तुमचं पत्र वाचताना सारखी आठवत राहिली. निवड करणं म्हणजे पाप नव्हे, ताई. टाकून देण्याची तुम्हाला जी भीती वाटते, ती जरा सैल करा. निवड झाली नसती तर आपल्यापर्यंत त्या सातशेही पोचल्या नसत्या.

निवडीनंतरचं काम सांभाळण्याचं. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने नकलून घेतली जात होती. नकलणारा दमतो, एखादा शब्द अडतो, तिथे तो आपल्याला कळेल असा शब्द घालतो. कुणी भक्तिभावाने स्वतःची ओवीही मध्ये घालतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी हाती लागल्या त्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढा मोठा कवी, हजारो ओव्या सहज लिहिणारा माणूस, आणि इथे त्यांनी हात राखून दुसऱ्याचे शब्द निवडून जागच्या जागी बसवले. शेवटी बजावून ठेवलं :

"ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥"

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताच्या ताटात करवंटी. दुसऱ्याच्या पुस्तकाचा एवढा जिव्हाळा कुणाला तरी वाटावा लागतो, तेव्हा ते पुस्तक सातशे वर्षं टिकतं. ज्ञानेश्वरीची थोरवी ज्ञानेश्वरांची, पण ती तुमच्या बाबांच्या कपाटात आली ती एकनाथांसारख्यांमुळे, आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या असंख्य नकलणाऱ्यांमुळे, ज्यांची नावं कुणालाही ठाऊक नाहीत.

बऱ्याच लोकांनी वाचलं म्हणजे अभिजात, हेही पुरतं खरं नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र हे मराठी गद्याचं आरंभीचं लेणं. म्हाइंभटांनी ते तेराव्या शतकात सिद्ध केलं आणि मग ते कित्येक शतकं महानुभाव पंथाच्या मठांत सांकेतिक लिपीत राहिलं. पंथाबाहेरच्या वाचकापर्यंत ते विसाव्या शतकात पोचलं. एवढी वर्षं त्याला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. सांभाळणारे मात्र होते.

तुम्ही म्हणाल, मग सांभाळलं की कुठलंही पुस्तक अभिजात होईल का? नाही. तिथे पुस्तकात मुळात काहीतरी असावं लागतं, आणि ते काय असतं हे व्याख्येत धरता येत नसलं तरी अनुभवात धरता येतं. माझाच अनुभव सांगतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ सालची छोटी कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात असताना, एका रात्रीत. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेली ज्यू मुलगी हॅर्टा. मला ती तेव्हा प्रेमकथा वाटली. शेवटाने झोप उडवली आणि दोन दिवसांत मी ती विसरलो. पुढे पंचेचाळिशीत, दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसलेला असताना ती पुन्हा हाती आली. या वेळी प्रेमकथा मागे सरली आणि ती बोटच समोर आली. कुठल्याच बंदरात ज्यांना उतरू देत नाहीत अशी माणसं. चक्रधरचा राग यायला लागला, जो विसाव्या वर्षी मला हिरो वाटला होता. ओळी त्याच होत्या, एक अक्षर बदललेलं नव्हतं.

पुन्हा वाचताना जे पुस्तक आणखी काही देतं, आणि आपण बदललो हे आपल्याला दाखवतं, त्याला मी माझ्यापुरतं अभिजात म्हणतो. असं एकाच्या बाबतीत घडलं तर ते त्याचं आवडतं पुस्तक. निरनिराळ्या काळातल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या बाबतीत घडत राहिलं, की मग कधीतरी, खूप उशिरा, ते यादीत येतं.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात, तिच्याकडे येतो. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख. पार्सल ऑफिसातला माणूस. तारीख टाकल्याशिवाय नोंद पुरी होत नाही हे अंगवळणी पडलेलं. ताई, भावाच्या यादीपेक्षा चांगली यादी तुमच्या घरात आहे आणि ती बाबांनीच करून ठेवली आहे. ६४० पुस्तकांची शेवटची पानं उघडा. एका पुस्तकाला अर्धं मिनिट धरलं तरी साडेपाच तासांचं काम, दोन रविवारांत होईल. किती पुस्तकांवर एक तारीख आहे, किती पुस्तकांवर दोन, आणि कुठे तीन-चार आहेत, ते पाहा. दोन तारखांमध्ये किती वर्षं गेली तेही बघा. तुमच्या जन्माच्या वर्षी वाचलेलं पुस्तक त्यांनी निवृत्तीनंतर पुन्हा का काढलं असेल? आजी गेली त्या महिन्यात कोणतं पुस्तक चालू होतं? तारखा सांगणार नाहीत, पण तुम्हाला आठवेल.

ज्यांच्यावर दोन किंवा जास्त तारखा आहेत, तो पहिला गठ्ठा. तो तुमच्याबरोबर वन बीएचकेत जाईल. माझा अंदाज आहे की तो साठ-सत्तरच्या पुढे जाणार नाही. पलंगाखालच्या दोन खोक्यांत मावेल. आणि यादीतल्या अकरांपैकी किती त्या गठ्ठ्यात येतात तेही पाहा. काही येतील. काहींवर एकच तारीख असेल. एखाद्यावर एकही नसेल, कुणीतरी भेट दिलेलं आणि तसंच राहिलेलं. बाबांना ते भावलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोठी पुस्तकंही सगळ्यांशी बोलत नाहीत. एखादं गाजलेलं पुस्तक मला आवडत नाही हे मोकळेपणी म्हणायला मला पन्नाशी यावी लागली. पार्सल ऑफिसातल्या त्या माणसाने तारीख न टाकून ते कधीच म्हणून टाकलं असेल.

रहस्यकथांबद्दल मात्र तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही बोलणार नाही, जे वाटतं तेच सांगतो. बाबूराव अर्नाळकरांची झुंजार आणि काळा पहाड यांची जी चाळीसएक पुस्तकं तुम्हाला सापडली, ती अभिजात नाहीत. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या वेगाने लिहिलेलं पुन्हा वाचण्यासाठी लिहिलेलं नसतं, आणि त्यांच्यावर बाबांचीही बहुधा एकेकच तारीख असेल. पण लोकलच्या प्रवासात आणि रात्रपाळीच्या खुर्चीत ज्या माणसाने पुस्तक हातात धरायची सवय लावून घेतली, त्याला ती सवय या कथांनीच लावली असण्याचा संभव मोठा आहे. त्या वाटेने तो पुढे इतर पुस्तकांकडे गेला. तारखा क्रमाने लावल्यात तर ते तुम्हाला अगदी डोळ्यांनी दिसेल : आधीची वर्षं रहस्यकथांची, मग शिकारकथा, मग प्रवासवर्णनं, आणि मग ती अकरा. याला सामान्य आवड म्हणत नाहीत, ताई. माणूस असाच वाचक होत जातो. त्या चाळीसांतली चांगल्या स्थितीतली दोन-तीन ठेवा. बाकीची रद्दीत मात्र घालू नका. ज्या पुस्तकांना कुणी अभिजात म्हटलं नाही, ती ग्रंथालयांनीही फारशी जपली नाहीत, म्हणूनच आज ती जमवणारे लोक आहेत. फोटो काढून विचारणा केलीत तर नेणारं कुणीतरी भेटेल.

दिवाळी अंकांचं थोडं वेगळं आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि आज आपण ज्यांना मोठे लेखक म्हणतो त्यांच्या कितीतरी कथा-कविता आधी दिवाळी अंकात आल्या, पुस्तकात नंतर. कपाटात जागा अडवणारे म्हणून ते सगळ्यांत आधी बाहेर जातात. बाबांनी ते वर्षवार बांधून घेतले आहेत, म्हणजे त्यांना त्यांची किंमत कळत होती. सलग वर्षांचे संच फोडू नका. एकेक अंक वाटलात तर वाचणाऱ्याला दोन तासांचा विरंगुळा, अख्खा संच ग्रंथालयात गेला तर अभ्यासकाला वर्षभराचं काम.

द्यायची पुस्तकं द्यायची कुणाला, हा प्रश्न तुमच्यासारखा अनेकांचा असतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. गाडी भरून थेट ग्रंथालयाच्या दारात जाऊ नका. त्यांच्याकडेही जागा नसते आणि नको म्हणायची पाळी आली की दोघांनाही वाईट वाटतं. आधी यादी करा : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल, पानं सुटली असतील तर तेही. ती यादी घेऊन चौकशी करा. तुमच्या जवळ ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. तिथे ज्याची प्रत आधीच आहे ते घेणार नाहीत, पण पहिली आवृत्ती किंवा न मिळणारा अंक असेल तर त्यांचे डोळे लगेच टिपतील. बाकीची पुस्तकं तालुक्याच्या किंवा गावच्या छोट्या वाचनालयाला विचारून द्या. शिकारकथा आणि प्रवासवर्णनं तिथे कपाटात बसत नाहीत, वाचकांच्या हाती फिरत राहतात. स्कॅन करायचं मनात असेल तर घरात वापरायला जरूर करा. इंटरनेटवर टाकायच्या आधी मात्र लेखक कधी गेला ते बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात.

होमिओपॅथीची पुस्तकं द्या किंवा टाका, त्यांत अडकू नका.

बांधाबांध करताना एक काळजी. जुन्या स्वस्त कागदात आम्ल असतं, त्याने पानं पिवळी पडून कडांनी तुटतात. त्यांना सेलोटेप लावू नका. तो चिकटपणा पुढे तपकिरी होऊन अक्षरंच खातो. घट्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत तीन वर्षं बांधून ठेवलीत तर दमट हवेने बुरशी धरेल. सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवर न टेकवता ठेवा. दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्या, कसर लागली असेल तर तेव्हाच कळेल.

त्या तीन वह्या. पत्रात त्या तुम्ही होमिओपॅथीच्या आणि स्तोत्रांच्या मागे, सगळ्यांत शेवटी टाकल्यात. वाचताना आवडलेली वाक्यं उतरवलेली, कात्रणं चिकटवलेली, मध्येच घरखर्च. त्या पहिल्या गठ्ठ्याच्याही आधी तुमच्या पर्समधून जायला हव्यात, टेम्पोतून नव्हे. १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकून पडलेले वरसईचे गोडसे भटजी हे पोटासाठी बाहेर पडलेले भिक्षुक होते. त्यांनी पुढे म्हातारपणी ती हकिगत लिहून काढली, आणि 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली, ते गेल्यानंतर. झाशीच्या धुमश्चक्रीत सापडलेल्या साध्या माणसाने काय पाहिलं, हे सांगणारं असं दुसरं पुस्तक मराठीत नाही. तुमच्या बाबांच्या वह्या तशा आहेत असं मी म्हणत नाही, मी त्या पाहिलेल्या नाहीत. पण पन्नास वर्षं एका नोकरदार माणसाने काय वाचलं आणि त्यातलं काय त्याला उतरून घ्यावंसं वाटलं, याची नोंद बाजारात कुठेही विकत मिळत नाही.

तुमची मुलगी मराठी वाचताना अडखळते, म्हणून हे सगळं कुणासाठी ठेवायचं, असं तुम्ही विचारता. तिच्यासाठी म्हणून काहीच ठेवू नका, ओझं होईल. फक्त त्या दोन रविवारी तिला बरोबर घ्या. तुम्ही पान उघडा आणि तारीख तिला वाचू दे, मोबाइलवर नोंद तिला करू दे. मधूनच एखाद्या पुस्तकाची पहिली चार वाक्यं मोठ्याने वाचा आणि पुढे जा. ती 'मग पुढे काय झालं' म्हणाली, तर ते पुस्तक बाजूला काढून ठेवा, त्यावर तारीख असो नसो.

भावाशी वाद घालू नका. तो दूर आहे, घर रिकामं होताना तो तिथे नसणार, आणि ते त्याला सहन होत नाही म्हणून तो नियम पाठवतो आहे, असं मला पत्रातून वाटलं. यादी हा त्याला हाताशी सापडलेला नियम. त्याला फोन करून एवढंच विचारा की लहानपणी बाबांनी वाचून दाखवलेलं कोणतं पुस्तक तुला आठवतं? तो पन्नासांतलं नाव सांगणार नाही, बघा. जे सांगेल ते त्याला पाठवून द्या. पोस्टाचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होईल, तरी पाठवा.

राहिली ज्ञानेश्वरी. शेवटच्या पानावर तारीख नाही म्हणून ती वाचलीच नाही, हा भावाचा हिशोब मला पटत नाही. तारीख टाकायची ती संपलेल्या पुस्तकावर. नऊ हजारांवर ओव्यांची ही पोथी कित्येक घरांत कधी संपतच नाही, रोज दहा-वीस ओव्या आणि शेवटापाशी आलं की पुन्हा "ॐ नमो जी आद्या". म्हणून शेवटचं पान पाहू नका. पोथी दोन्ही हातांत धरून मिटलेल्या पानांची कड बघा. रोज उघडणाऱ्याचा अंगठा जिथे टेकतो तिथे कागद काळसर, किंचित तेलकट होतो. कुठे समईचा थेंब असतो, कुठे कुंकवाचं बोट. पाठीचा कणा कुठे आपोआप उघडतो तेही पाहा. यातलं काहीच नसेल, पानं करकरीत असतील, तर भाऊ म्हणतो ते खरं, आणि त्यानेही काही बिघडत नाही. तुम्ही ती वाचनालयाला देऊन टाकू शकता. पण आत एखादा दोरा, रेल्वेचं जुनं तिकीट किंवा पार्सलची पावती खूण म्हणून राहिलेली असली, तर ती काढू नका. कोणत्या अध्यायात आहे ते पाहा आणि मला कळवा.